स्पंजाचे शरीर आणि त्याचा सांगाडा

१९४२ साली दुसऱ्या महायुद्धाची झळ कलकत्त्यापर्यंत येऊन पोहोचली, तेव्हा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे कार्यालय व तिचे संग्रह काशीस हलविण्यात आले. गंगेला मिळणाऱ्या वरुणा नदीच्या काठी ‘कैसर कॅसल’ नावाची वास्तू होती. तेथे ही बिऱ्हाडे थाटण्यात आली. बाँबहल्ल्यापासून नमुने सुरक्षित राहावेत हा हेतू होता. परंतु १९४३ साली वरुणेला मोठा पूर आला, पाणी संग्रहात शिरले आणि अनेक बहुमोल नमुन्यांची हानी झाली. धास्ती होती आकाशातून येणाऱ्या संकटाची. आले ते नदीतून.

प्राण्याचा नमुना पाण्याखाली गेला म्हणजे बाटलीतील स्पिरिट पातळ होते, मांसल भाग कुजू लागतो आणि चिठ्ठीवरील शाई पसरते. किड्याचे पंख, गोगलगायीचे मऊ अंग, माशाची त्वचा ही सर्व अशा वेळी एकामागून एक हातची जातात. स्पंजाची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. त्याचे मांस सर्वांआधी कुजते, हे खरे. पण मांस संपूर्ण नाहीसे झाल्यावर जी चिमूटभर भुकटी बाटलीच्या तळाशी उरते, तीच प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असते. ही भुकटी म्हणजे त्या प्राण्याचा सांगाडा होय. स्पंजाच्या जाती मुख्यतः या सांगाड्यावरूनच ओळखल्या जातात. असे का, हे समजण्यासाठी त्याच्या शरीराची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

वनस्पती की प्राणी?

स्पंज म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर शाळेतील पाटी पुसण्याचा अथवा स्नानाचा पिवळसर तुकडा येतो. आजकाल दुकानात मिळणारा तुकडा बहुधा कारखान्यात कृत्रिम द्रव्यापासून केलेला असतो. परंतु ज्याचे नाव त्याला मिळाले आहे तो खरा स्पंज समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून वाढणारा प्राणी आहे. तो जागचा हलत नाही, त्याला डोके नाही, हातपाय नाहीत, स्पर्श केला तरी तो दचकल्याचे सहसा दिसत नाही. त्यामुळे अनेक शतके त्याची गणना कधी वनस्पतींत, तर कधी वनस्पती व प्राणी यांच्या मधल्या सीमेवर होत राहिली. १७६५ साली जॉन एलिस या इंग्रज निसर्गाभ्यासकाने जिवंत स्पंजाच्या छिद्रांतून पाणी हालत असल्याचे पाहून तो प्राणीच असावा असे प्रतिपादन केले. पुढे १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट याने स्पंजाचा जिवंत तुकडा पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एका मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत अखंड बाहेर पडत होता आणि त्याबरोबर कणही वाहत येत होते. पाणी आत जाते ते पृष्ठभागावरील असंख्य बारीक छिद्रांतून, हेही त्याने दाखविले. या छिद्रांवरून त्याने या समूहाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘छिद्रे धारण करणारे’ असा आहे. मराठीत त्यास छिद्री संघ म्हणतात. चार्ल्‌स डार्विन एडिंबरो येथे विद्यार्थी असताना याच ग्रँटच्या सहवासात समुद्रातील प्राणी जमविण्यास शिकला.

आज स्पंजांच्या ९,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक सर्व समुद्रात राहतात. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती दोन-अडीचशेच्या घरात आहेत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटून पाहिला तर त्याच्या खालच्या अंगास नारिंगी, तांबड्या वा काळसर रंगाचा, छिद्रे पडलेला, ओलसर थर चिकटलेला आढळतो. तो बहुधा स्पंजच असतो.

पाणी खेळविणारे शरीर

स्पंजाला तोंड नाही, जठर नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत, खरे स्नायूही नाहीत. जे आहे ते असे : बाहेरून चपट्या पेशींचे एक पातळ आवरण; आतून पोकळ्यांना अस्तर करणारा दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा थर; आणि या दोहोंमध्ये खळीसारखा एक मऊ पदार्थ, ज्यात अनेक प्रकारच्या पेशी इकडून तिकडे फिरत असतात. अन्न वाटणे, सांगाड्याची द्रव्ये तयार करणे, नवा जीव निर्माण करणे ही कामे या फिरत्या पेशींकडे असतात. त्यांतील काही तर प्रसंगानुरूप आपला व्यवसाय बदलून निराळ्या प्रकारच्या पेशी बनतात.

आतील अस्तराच्या पेशी विशेष लक्ष देण्यासारख्या आहेत. प्रत्येक पेशीला एक लांब चाबकासारखा केस असतो आणि त्याच्या बुडाभोवती अतिसूक्ष्म बोटांची एक गळपट्टी असते. केस सारखा वळवळत राहतो. त्यामुळे पाणी पुढे ढकलले जाते व गळपट्टीच्या बोटांमधून गाळले जाते. पाण्यातील जीवाणू व इतर सूक्ष्म कण गळपट्टीला अडकतात आणि पेशी ते गिळते. एकेका पेशीची शक्ती नगण्य असते व तिचे केस हलविणे शेजारणीच्या तालावर चालत नाही; परंतु अशा लक्षावधी पेशी एकाच वेळी काम करीत असल्यामुळे सर्व शरीरातून पाण्याचा प्रवाह वाहत राहतो. श्वसन, अन्नग्रहण व मलविसर्जन या तीनही गोष्टी त्या एका प्रवाहावर अवलंबून असतात. तो थांबला म्हणजे स्पंज मेला.

सर्वांत साध्या स्पंजाचे शरीर म्हणजे एक लहानशी पोकळ नळी. बाजूच्या छिद्रांतून पाणी आत येते, मधल्या पोकळीत जाते व वरच्या टोकाच्या निर्गमछिद्रातून बाहेर पडते. ही रचना फार मोठी होऊ शकत नाही. नळी रुंद होत गेली की आतील पाणी वाढते त्या प्रमाणात अस्तराचा पृष्ठभाग वाढत नाही आणि पाणी ढकलणाऱ्या पेशी अपुऱ्या पडतात. दुसऱ्या प्रकारात नळीच्या भिंतीला घड्या पडून अस्तराचा पृष्ठभाग वाढलेला असतो. तिसऱ्या व सर्वांत प्रचलित प्रकारात मधली मोठी पोकळी जवळजवळ नाहीशी होते आणि भिंतीमध्ये असंख्य लहान लहान गोल कोठड्या तयार होतात. गळपट्टीच्या पेशी केवळ या कोठड्यांत राहतात. काशीच्या घाटावरून शहरात शिरणारा यात्रेकरू जसा एका गल्लीतून दुसरीत, तीतून आणखी अरुंद गल्लीत शिरत अखेर एखाद्या घराच्या चौकात पोहोचतो, तसे पाणी बारीक बारीक नाल्यांतून या कोठड्यांपर्यंत पोहोचते. तेथून मात्र ते दुसऱ्या, उत्तरोत्तर रुंद होत जाणाऱ्या मार्गांनी बाहेर जाते. येण्याची व जाण्याची वाट एक नसते, हा येथील फरक होय.

या व्यवस्थेचा हिशेब जॉर्ज बिडर याने १९२३ मध्ये मांडला. त्याने घेतलेला समुद्री स्पंज १० सेंटीमीटर उंच व १ सेंटीमीटर जाड, म्हणजे हाताच्या बोटाएवढा होता. त्यात सुमारे २२,५०,००० कोठड्या असाव्यात आणि दिवसभरात तो २२.५ लिटर पाणी गाळीत असावा, असे त्यास आढळून आले. त्या स्पंजाचे आकारमान जेमतेम ८ घन सेंटीमीटर भरते. म्हणजे तो दिवसाकाठी स्वतःच्या आकारमानाच्या जवळजवळ तीन हजार पट पाणी आपल्यातून वाहू देतो.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. कोठड्यांतून पाणी वेगाने जात असेल तर गळपट्टीला कण अडकणार कसे? त्याचे उत्तर पाटबंधाऱ्यांवर काम करणारास सहज सुचेल. एक कालवा शेकडो पाटांत वाटून दिला आणि त्या सर्व पाटांची मिळून रुंदी मूळ कालव्यापेक्षा पुष्कळ अधिक ठेवली, तर प्रत्येक पाटातील पाणी संथ होते. एकेक कोठडी सूक्ष्म असली तरी सर्व कोठड्यांचे एकत्रित क्षेत्र निर्गमछिद्राच्या कित्येक पट असते. म्हणून कोठडीत पाणी रेंगाळते व गाळले जाते. आणि तेच पाणी एका छिद्राशी एकवटले की सेकंदाला ८.५ सेंटीमीटर वेगाने दूर फेकले जाते. वापरलेले पाणी दूर गेले नाही, तर जागचा न हलणारा हा प्राणी तेच पुन्हा पीत राहील.

पेशींचा हा समाज किती सैल बांधलेला आहे, हे अमेरिकेतील विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिले. त्याने जिवंत स्पंजाचा तुकडा बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या होऊन पाण्यात तळाशी बसल्या. परंतु त्या मेल्या नाहीत. सरकत सरकत त्या एकमेकींना चिकटल्या, त्यांचे पुंजके झाले, आणि काही दिवसांनी त्या पुंजक्यांत पुन्हा नाल्या व कोठड्या निर्माण होऊन लहान स्पंज तयार झाले. कोंबडी किंवा बेडूक यांच्या बाबतीत असे होणे कल्पनेतही येत नाही.

मऊ अंगाला आधार

वरील वर्णनावरून स्पंजाची अडचण ध्यानात येते. ज्याचे शरीर खळीसारखे मऊ आणि वर लक्षावधी पोकळ्यांनी पोखरलेले, ते स्वतःच्या भाराने व लाटांच्या माऱ्याने दबून जावयाचे. नाल्या दबल्या की प्रवाह बंद. मनुष्याच्या सांगाड्याचे एक मुख्य काम स्नायूंना ओढण्यासाठी तरफा पुरविणे हे आहे. स्पंजास त्याची गरज नाही. त्याच्या सांगाड्यास वाटा मोकळ्या ठेवावयाच्या असतात. घराच्या तुळया व खांब यांच्याशी त्याची तुलना अधिक योग्य ठरेल.

या कामासाठी स्पंज तीन द्रव्ये वापरतात. पहिले सिलिका, म्हणजे वाळूचे व काचेचे मुख्य द्रव्य. दुसरे चुनखडीचे कॅल्शियम कार्बोनेट. तिसरे स्पंजिन नावाचे चिवट, लवचिक प्रथिन. सिलिका व चुना यांच्यापासून सुया, काटे, त्रिशूळ, चांदण्या, आकडे अशा नाना आकृतींच्या बारीक कंटिका बनतात. काही एका रेषेत सरळ किंवा किंचित वाकलेल्या असतात. काहींना तीन वा चार फाटे फुटतात. काचस्पंजांत काटकोनात छेदणाऱ्या तीन अक्षांमुळे सहा फाटे होतात. मोठ्या कंटिका खांब-तुळयांचे काम करतात; अतिसूक्ष्म कंटिका मऊ भागात विखुरलेल्या असून त्यास बळकटी आणतात. चुन्याच्या कंटिका असलेले स्पंज बहुधा लहान असतात. सर्वांत मोठ्या वर्गात सिलिकेच्या कंटिका व स्पंजिन ही दोन्ही आढळतात आणि ज्ञात जातींपैकी पाचांत चार या वर्गातील आहेत. काही थोड्या जाती कोणताही सांगाडा न करता केवळ पातळ थर बनून राहतात. तर काही बाहेरची वाळू व परक्या कंटिका आपल्या तंतूंत गुंफून घेतात, म्हणजे दुसऱ्याच्या विटांवर आपले घर बांधतात.

स्नानाच्या स्पंजात कंटिका मुळीच नसतात. केवळ स्पंजिनच्या तंतूंचे जाळे असते. म्हणूनच तो अंगाला बोचत नाही. भूमध्य समुद्रातून पाणबुडे तो काढून आणीत, मऊ भाग कुजवून व धुऊन टाकीत आणि उरलेला सांगाडा विकीत. ज्या जाळ्याने जिवंतपणी पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या तेच मेल्यावर केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते. इतर बहुसंख्य स्पंज या कामी वापरले तर अंगाचे सालटेच निघेल.

सिलिकेची कंटिका तयार होण्याची रीत विलक्षण आहे. फिरोझाबादच्या काचभट्टीत वाळू वितळविण्यास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. स्पंज हेच द्रव्य साध्या थंड पाण्यात घडवितो. पेशीच्या आत प्रथम प्रथिनाचा एक बारीक धागा तयार होतो व त्याभोवती पाण्यात विरघळलेली सिलिका थराथराने बसत जाते. हा धागा केवळ साचा नसून सिलिका जमविण्याची रासायनिक क्रिया तोच घडवून आणतो, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. त्या प्रथिनास त्यांनी सिलिकेटीन असे नाव दिले.

कंटिका तयार झाली. पण ती योग्य जागी उभी कोण करतो? क्योटो येथील संशोधकांनी गोड्या पाण्यातील स्पंजावर केलेली निरीक्षणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा याचा उलगडा झाला. काही पेशी तयार कंटिका उचलून शरीरात इकडे तिकडे वाहून नेतात. मग कंटिकेचे एक टोक बाह्य आवरणाला भोसकून वर निघते, ती हळूहळू उभी होते आणि दुसऱ्या पेशी तिचे बूड चिकट द्रव्याने पक्के करतात. तिच्या आधाराने आवरण वर उचलले जाते व तिच्या माथ्यावर पुढची कंटिका जोडली जाते. लग्नाचा मांडव घालताना खांब रोवून त्यावर कापड चढवितात, त्याचीच ही आवृत्ती म्हणावी. फरक एवढाच की येथे नकाशा हाती धरून उभा असलेला कोणी कारागीर नाही.

खोल समुद्रातील काचस्पंजांत ही कला कळसास पोहोचली आहे. फिलिपाइन्स व जपानजवळच्या समुद्रात आढळणारी ‘व्हीनसची फुलपरडी’ ही एक पांढरीशुभ्र, उभी, पोकळ नळी असते. बुरुडाने कामट्या विणाव्यात तशी तिच्या भिंतीत उभ्या व आडव्या काचदांड्यांची चौकोनी जाळी असून तिच्यावरून दोन्ही बाजूंनी तिरक्या दांड्यांच्या जोड्या गेलेल्या असतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तेवढेच द्रव्य वापरून केलेल्या नेहमीच्या तिरकस जाळ्यांपेक्षा ही रचना दाबाखाली वाकण्यास अधिक विरोध करते. शिवाय तिची प्रत्येक दांडी कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्यांची असते. दोन काचथरांमध्ये सेंद्रिय द्रव्याचे अतिशय पातळ अस्तर असल्यामुळे एका थरास गेलेला तडा दुसऱ्यात सहज उतरत नाही. काच ठिसूळ असते हा आपला अनुभव येथे अपुरा पडतो. याच वर्गातील मोनोऱ्हाफिस हा स्पंज ‘वाल्दिव्हिया’ या जहाजावरील जर्मन मोहिमेस १८९८-९९ मध्ये हिंदी महासागरात, पूर्व आफ्रिकेच्या बाजूस मिळाला. तो स्वतःस तळाच्या चिखलात उभा ठेवतो तो एकाच कंटिकेच्या आधाराने, आणि ती कंटिका ३ मीटरपर्यंत लांब होते.

मुंबईची तळी

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी स्पंज पाहण्याची आशा सोडण्याचे कारण नाही. आपल्या देशातील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा पाया घालणारे काम मुंबई बेटावरील तळ्यांतच झाले. हेन्री जॉन कार्टर (१८१३-१८९५) हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य होता. त्याने मुंबईतील पाच जातींचे वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. (याच शहरात थोड्या वर्षांनी आलेला आणि शरीरशास्त्राच्या सुप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर हा निराळा, दोघांची गल्लत वारंवार होते.) पाचांपैकी एक जात कार्टरने युरोपातील एका ज्ञात जातीची समजली होती. ती वेगळी असल्याचे बॉवरबँक याने १८६३ मध्ये ठरविले व तिला कार्टरचेच नाव दिले. गंगेच्या खोऱ्यापासून दक्षिणेपर्यंत तळ्यांत व संथ पाण्यात आढळणारी हीच ती जात.

या स्पंजांपुढे समुद्रात नसलेले एक संकट असते : तळे आटते. पावसाळ्यात भरलेले पाणी चैत्र-वैशाखात नाहीसे झाले की स्पंज वाळून खडकावर राखाडी खपली उरते. पण त्या खपलीत मोहरीहूनही लहान अशा गोळ्या असतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. टणक कवचाच्या आत, साठविलेल्या अन्नासह पेशींचा एक पुंजका झोपी गेलेला असतो. पाणी आले की कवचाच्या छिद्रातून पेशी बाहेर पडतात व नवा स्पंज बांधू लागतात. कवचाच्या घडणीतही सांगाड्याची द्रव्ये उपयोगी पडतात. कार्टरने वर्णिलेल्या एका जातीत कवचात उभ्या बसविलेल्या कंटिकांना दोन्ही टोकांस दातेरी चकत्या असतात, जणू आस आणि दोन चाके. कार्टरच्या नावाच्या जातीत अशी चाके नसतात. तेथे कवचाभोवती हवेने भरलेल्या बारीक कोठड्यांचा थर असतो, त्यामुळे गोळ्या पाण्यावर तरंगतात व वाऱ्याने दूरवर जातात. म्हणजे मूळ स्पंज कुजून गेला तरी या गोळ्या व कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या की जातीचा निर्णय होऊ शकतो. नेल्सन अ‍ॅनंडेल याने १९११ साली भारतातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर लिहिलेल्या ग्रंथातील जातींची ओळख याच लक्षणांवर उभारलेली आहे. १९१६ मध्ये प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तोच तिचा पहिला संचालक झाला.

शाळेत ही परीक्षा करून पाहता येते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या दगडावरील खपलीचा मुगाएवढा तुकडा चिमट्याने घ्यावा. हाताने चोळू नये, कारण कंटिका त्वचेत शिरून खाज सुटते. काचेच्या नळीत तो घालून शिक्षकांनी त्यावर कपडे शुभ्र करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाचे काही थेंब टाकावेत. मऊ भाग विरघळतो, तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी दोन-तीन वेळा बदलून साक्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतल्यास काचेच्या सुयांचा ढीग दिसतो. समुद्रातील स्पंजाच्या साक्यावर याच रीतीने धुऊन घेतल्यानंतर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे येऊन सुया नाहीशा झाल्या तर त्या चुन्याच्या, तशाच राहिल्या तर सिलिकेच्या.

मात्र कंटिका जात सांगतात, गाव सांगत नाहीत. नमुना कोणत्या तळ्यातून, कोणत्या महिन्यात व कोणी आणला हे केवळ चिठ्ठीवर असते, आणि पुराचे पाणी संग्रहात शिरते तेव्हा धोक्यात येते ती ही माहिती. म्हणून जाड कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीने हा मजकूर लिहून तो बाटलीच्या बाहेर न चिकटविता आत, नमुन्याबरोबर, स्पिरिटात बुडवून ठेवावा. शिसपेन्सिलीची अक्षरे पाण्यात फुटत नाहीत.